सर्वोच्च न्यायालयाला फूटपट्टी लावली तर?

"मावशी, सुप्रीम कोर्टात एका दिवसात किती भांडणं मिटतात?"

भाचीने हे विचारलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. ती आठवीत आहे. नागरिकशास्त्राचा प्रकल्प दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. (प्रकल्प नेहमी दुसऱ्याच दिवशी द्यायचा असतो. याला अपवाद मी तरी पाहिलेला नाही.) आजोबांनी पेपरमधून डोकं वर न काढता सांगून टाकलं, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." पण हे काही वहीत लिहिता येईना.

प्रश्न मात्र भारी होता. न्यायालयाबद्दल आपण बोलतो ते सगळं मोठमोठ्या शब्दांत. न्याय, कायदा, राज्यघटना! ही पोरगी विचारत होती "किती?" आणि "किती?" विचारलं की विज्ञान हळूच दार ढकलून आत येतं. म्हटलं, चल, पोळ्या झाल्या की मोजू.

आधी जागा पाहून घेऊ. दिल्लीत टिळक मार्गावर सर्वोच्च न्यायालयाची ती मोठ्या घुमटाची इमारत आहे. तिचा आराखडा गणेश भिकाजी देवळालीकर या मराठी वास्तुरचनाकाराने केला, आणि केला तो तराजूच्या आकाराचा! मधे दांडी, दोन्ही बाजूंना पारडी. न्यायालय या इमारतीत आलं 1958 मध्ये. त्याआधीची आठ वर्षं ते संसद भवनातल्या एका दालनात बसायचं. सुरुवात झाली 28 जानेवारी 1950 ला. तेव्हा न्यायाधीश होते फक्त आठ, म्हणजे दोन रिक्षांत मावतील एवढे. (तीन-तीनच बसायचं असा नियम असेल, तर तीन रिक्षा.) पुढे कामं वाढत गेली तसतशी संसदेने कायद्यात संख्या वाढवत नेली. 2019 मध्ये ती 34 झाली.

हे सगळे न्यायाधीश रोज एकत्र बसत नाहीत. बहुतेक वेळा दोघं-दोघं किंवा तिघं-तिघं मिळून बसतात. त्याला खंडपीठ म्हणायचं. राज्यघटनेचा अर्थ लावण्याचा मोठा प्रश्न आला की किमान पाच जण बसतात. ते घटनापीठ.

आता भाचीचा प्रश्न. वर्षानुवर्षं सोमवार आणि शुक्रवार हे नव्या याचिकांचे दिवस मानले गेले. अशा दिवशी एकेका खंडपीठाच्या बोर्डावर साठेक प्रकरणं असतात. बोर्ड म्हणजे फळा नव्हे बरं का, त्या दिवशी कुठलं प्रकरण कितव्या नंबरला लागणार याची यादी. वकील लोक सकाळी आधी ती बघतात, मग चहा पितात. न्यायालय साडेदहाला सुरू होतं, एक ते दोन जेवणाची सुट्टी, चार वाजता बंद.

"मग काढ हिशेब, एका प्रकरणाला किती वेळ मिळतो," मी म्हटलं.

तिने वहीच्या मागच्या पानावर काढला. सकाळचे अडीच तास, दुपारचे दोन. एकूण साडेचार तास, म्हणजे 270 मिनिटं. भागिले 60.

"साडेचार मिनिटं?" ती ओरडली. "एवढ्यात तर माझी मधली सुट्टीपण संपत नाही!"

आजोबांनी पेपर खाली ठेवला.

पण थांबा. लगेच "अरेरे, साडेचार मिनिटांत न्याय!" असं ओरडायला जाऊ नका. या दिवशी प्रश्न एवढाच असतो, की हे प्रकरण आत घ्यायचं की दारातूनच परत पाठवायचं? न्यायाधीशांनी कागद आदल्या रात्री वाचलेले असतात. बहुतेक याचिका इथूनच परत जातात. ज्या आत येतात, त्यांना पुढे सावकाश वेळ मिळतो. किती सावकाश? केरळमधल्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती यांचा खटला 13 न्यायाधीशांनी मिळून ऐकला. एवढं मोठं पीठ त्याआधी कधी बसलं नव्हतं आणि नंतरही बसलेलं नाही. युक्तिवाद चालले 68 दिवस! निकाल लागला 24 एप्रिल 1973 ला. सात जण एका बाजूला, सहा दुसऱ्या. एका मताने ठरलं, की संसदेला राज्यघटनेत बदल करता येतात, पण तिचा गाभा बदलता येत नाही.

म्हणजे एकाच इमारतीत एका प्रकरणाला साडेचार मिनिटं आणि एकाला 68 दिवस. दोन्हींची बेरीज करून दोनाने भागलं तर उत्तर येईल, पण ते उत्तर कुणाच्याच अंगाला बसायचं नाही. आमच्या घरातल्या चपलांच्या मापांची सरासरी काढून सगळ्यांना एकाच मापाच्या चपला आणल्यासारखं.

तर नुसतं "किती?" विचारून भागत नाही. कसं मोजायचं हेही ठरवावं लागतं. त्यासाठी अभ्यासक एक मोठा तक्ता करतात. एका प्रकरणाला एक आडवी ओळ, आणि प्रत्येक प्रश्नाला एक उभा रकाना. आम्हीही वहीत तसाच आखला. प्रकरण मात्र काल्पनिक घेतलं. समजा, परभणीकडच्या एका आजोबांची जमीन धरणात गेली आणि मिळालेली भरपाई त्यांना कमी वाटली. खालचं न्यायालय झालं, उच्च न्यायालय झालं, शेवटी ते दिल्लीपर्यंत आले. रकाना 1, याचिका कधी दाखल झाली. रकाना 2, कुठल्या राज्यातून आली. रकाना 3, विषय कोणता. रकाना 4, किती न्यायाधीश बसले. रकाना 5, किती तारखा पडल्या. रकाना 6, निकाल कधी लागला. भराभर भरत गेलो. रकाना 7, कोण जिंकलं?

इथे पेन अडलं.

"आजोबांनी दहा लाख मागितले होते," मी म्हटलं, "आणि न्यायालयाने चार लाख वाढवून दिले. आता सांग, ते जिंकले की हरले?"

"जिंकले! चार लाख मिळाले ना."

"हरले," आमचे आजोबा म्हणाले. "सहा लाख गेले."

दोघांनी पाच मिनिटं वाद घातला. म्हणजे नव्या याचिकेच्या हिशेबापेक्षा अर्धं मिनिट जास्त. खऱ्या अभ्यासातही नेमका हाच पेच येतो. त्यावर तोड अशी, की मोजणी सुरू करण्याआधीच नियमांची एक वही करायची. "मागण्यापेक्षा कमी, पण आधीपेक्षा जास्त मिळालं तर 'अंशतः जिंकले' असं लिहा." मग तोच निकाल दोन जणांना वेगवेगळ्या खोल्यांत वाचायला द्यायचा. एकमेकांशी बोलायचं नाही! नंतर दोघांचे तक्ते शेजारी ठेवायचे. बहुतेक ठिकाणी उत्तरं जुळली तर नियम ठीक आहेत. वारंवार फरक पडला तर चूक वाचणाऱ्याची नाही, नियम धड लिहिलेला नाही. हजारो निकाल असे वाचायचे म्हणजे चिकाटीचं काम. मला तर दोन निकालांतच जांभया आल्या असत्या.

संगणक नव्हते तेव्हा काय करत असतील? जॉर्ज गॅडबॉइस नावाचे एक अमेरिकी प्राध्यापक होते. न्यायाधीश कुठल्या गावचे, कुठे शिकले, घरी कोण कोण होतं, कितव्या वर्षी नेमले गेले, अशी माहिती त्यांनी कित्येक वर्षं जमवली. 1980 च्या दशकात भारतात येऊन ते साठाहून अधिक न्यायाधीशांशी समोरासमोर बसून बोलले. आणि पुस्तक? ते यायला 2011 उजाडलं! त्यात 1950 ते 1989 या काळातल्या न्यायाधीशांची माहिती आहे. शाळेचा प्रकल्प आदल्या रात्री करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. मी कुणाकडेही बघून हे म्हणत नाहीये.

न्यायाधीशांच्या नुसत्या तारखांमधूनही बरंच काही दिसतं. आम्ही सरन्यायाधीशांची यादी घेतली. पहिल्यापासून 52 व्यापर्यंत. बावन्नावे म्हणजे आपल्या अमरावतीचे भूषण गवई, नोव्हेंबर 2025 मध्ये निवृत्त झाले ते. प्रत्येकाची सुरुवातीची आणि शेवटची तारीख मांडली आणि दुसऱ्याच मिनिटाला भांडण. न्यायमूर्ती कमल नारायण सिंह यांनी 25 नोव्हेंबर 1991 ला पद घेतलं आणि 12 डिसेंबरला ते निवृत्त झाले. किती दिवस? मी म्हटलं 17. भाचीने बोटांवर मोजून सांगितलं 18. दोघीही बरोबर होतो! तिने पहिला दिवस धरला होता, मी धरला नव्हता. नियमांच्या वहीत लगेच ओळ पडली, "पहिला दिवस धरायचा नाही." मोठ्या माणसाचं ऐकण्याचा एवढा एकच प्रसंग त्या दिवशी आला.

तर, सगळ्यात छोटी कारकीर्द 17 दिवसांची. सगळ्यात मोठी यशवंत विष्णु चंद्रचूड यांची, फेब्रुवारी 1978 ते जुलै 1985, म्हणजे सात वर्षांहून जास्त. (पुढे त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूडही सरन्यायाधीश झाले. वडील आणि मुलगा दोघेही या खुर्चीवर बसल्याचं हे एकमेव उदाहरण.) सरासरी काढणं सोपं होतं. जवळजवळ 76 वर्षं, 52 माणसं. प्रत्येकी साडेसतरा महिने.

बरं वाटतं ना? दीड वर्ष तरी मिळतं म्हणायचं.

मग आम्ही दुसरी युक्ती केली. शाळेत कवायतीला उंचीप्रमाणे उभं करतात, तसं सगळ्यांना कारकिर्दीप्रमाणे रांगेत उभं केलं. सतरा दिवसवाले पुढे, सात वर्षंवाले शेवटी. आणि बरोबर मधल्या दोघांना विचारलं, तुमचे दिवस किती? उत्तर आलं साधारण 13 महिने. सरासरीपेक्षा साडेचार महिने कमी! असं का झालं? कारण शेवटी उभे असलेले मोजकेच लांब पल्ल्याचे लोक सरासरीला वर ओढतात. वर्गात एकच मुलगा सहा फुटी असला की वर्गाची सरासरी उंची वाढते, पण बाकीच्यांचा हात काही फळ्याच्या वरच्या टोकाला पोचत नाही. आणखी एक मोजलं. 52 पैकी 23 जणांना या खुर्चीवर पुरतं एक वर्षही मिळालं नाही. भाची म्हणाली, "म्हणजे आमच्या मॉनिटरसारखंच."

हे कुणी मुद्दाम करत नाही. न्यायाधीश 65 व्या वर्षी निवृत्त होतात, आणि प्रथा अशी की सरन्यायाधीश निवृत्त झाले की सगळ्यात ज्येष्ठ न्यायाधीश त्यांच्या जागी येतात. रांगेत पुढे येईपर्यंत वाढदिवस जवळ आलेला असतो. दोन साध्या नियमांच्या कात्रीत महिने संपून जातात.

आता मला सगळ्यात आवडतं ते कोडं. सर्वोच्च न्यायालय देशाचं, पण बसतं दिल्लीत. मग दिल्लीपासून लांब राहणारे लोक तिथे कमी येत असतील का? भाची म्हणाली, "सोपं आहे, कुठल्या राज्यातून किती प्रकरणं आली ते मोजायचं." पण असं मोजलं तर उत्तर प्रदेश पुढे दिसणारच, कारण तिथे माणसंच एवढी! वाचनालयात आठवी 'अ' ने 40 पुस्तकं नेली आणि 'ब' ने 30, म्हणून 'अ' वाले जास्त वाचतात असं कसं म्हणणार? 'अ' मध्ये 60 मुलं आणि 'ब' मध्ये 25 असली तर? म्हणून निक रॉबिन्सन या अभ्यासकाने वेगळं मोजलं. त्या त्या उच्च न्यायालयाने जेवढे निकाल दिले, त्यातल्या दर शंभरामागे किती दिल्लीला गेले? आता चित्र पालटलं. दिल्ली, उत्तराखंड, पंजाब-हरियाणा असे जवळचे लोक भरभरून येतात. तामिळनाडू, ओडिशा यांचा आकडा कितीतरी खाली. दिल्ली उच्च न्यायालयाचा वकील रिक्षाने सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. चेन्नईहून यायचं तर दोन हजार किलोमीटरहून जास्त प्रवास, हॉटेल, दिल्लीतला वेगळा वकील, आणि एवढं करून तारीख पुढे ढकलली तर? परत तिकीट. विधी आयोगाने 2009 च्या अहवालात सुचवलं होतं, की घटनेचे मोठे प्रश्न दिल्लीत राहू द्या, पण बाकीची अपिलं ऐकायला मुंबई, कोलकाता अशा चार ठिकाणी पीठं बसवा. ती अजून बसलेली नाहीत. मार्च 2020 पासून, म्हणजे कोविडच्या दिवसांपासून, व्हिडिओवरून सुनावणी सुरू झाली. आम्ही तक्त्यात आणखी एक रकाना आखला, "वकील खोलीत होते की पडद्यावर?"

अजून एक सापळा सांगते, त्यात मी स्वतः सापडले होते. अपर्णा चंद्रा, सीतल कलंत्री आणि विल्यम हबर्ड यांनी अशीच हजारो निकालांची मोजदाद केली आणि 2023 मध्ये 'कोर्ट ऑन ट्रायल' नावाचं पुस्तक लिहिलं. आत घेऊन नीट ऐकलेल्या अपिलांपैकी निम्म्याहून अधिक वेळा सर्वोच्च न्यायालय खालचा निकाल फिरवतं, असं या मोजणीत दिसतं. मी हे वाचून घाबरलेच. म्हणजे उच्च न्यायालयांचे निम्मे निकाल चुकीचे?

भाचीने क्रिकेटचं उदाहरण देऊन मला सोडवलं. "मावशी, डीआरएसमध्ये थर्ड अंपायर कितीतरी वेळा निर्णय बदलतो. म्हणून मैदानावरचा अंपायर निम्म्या वेळा चुकतो असं थोडंच आहे? संघ रिव्ह्यू घेतातच मुळी शंका असेल तेव्हा."

अगदी तेच! चेंडू बॅटला लागल्याचा आवाज सगळ्या मैदानाने ऐकला असेल तर कुणी रिव्ह्यू वाया घालवत नाही. इथेही आधी हरलेला माणूस विचार करतो, एवढा खर्च करू का? मग ते साडेचार मिनिटांचं दार. त्या दारातून आत येतात ती बहुतेक शंकेची प्रकरणं. त्यांत निकाल फिरले तर नवल काय? मोजणी बरोबर होती, मीच ती भलत्या प्रश्नाला जोडली.

हल्ली हे सगळं मोजणं सोपं होत चाललंय. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे आकडे राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर आले. किती प्रकरणं पडून आहेत, कुठल्या वर्षापासून, हे कुणीही घरबसल्या पाहू शकतं. पडून असलेली प्रकरणं 80 हजारांच्या वर आहेत. (इथेही जपून! एकाच मुद्द्यावरच्या शेकडो याचिका एकत्र बांधलेल्या असतात, आणि एक निकाल आला की सगळ्या एकदम सुटतात. पोतं एक, बटाटे अनेक. आपण पोती मोजतोय की बटाटे, हे आधी विचारावं.) 21 फेब्रुवारी 2023 ला न्यायालयाने संगणकाकडून सुनावणीतला शब्दन् शब्द लिहून घ्यायला सुरुवात केली. तेव्हा समोर चालू होता महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाचा खटला. शिवाय निकालांचं मराठीसह अनेक भाषांत भाषांतर करायला 'सुवास' नावाची संगणक प्रणाली मदत करते.

या मशीन-भाषांतराचा एक किस्सा धनंजय चंद्रचूड यांनीच जाहीर भाषणात सांगितला होता. प्रकरण आत घ्यायचं ठरलं की न्यायाधीश इंग्रजीत लिहितात, 'लीव्ह ग्रँटेड'. म्हणजे अपिलाला परवानगी दिली. मशीनने त्याचं हिंदी केलं 'सुट्टी मंजूर' अशा अर्थाचं!

भाची इतकी हसली की तिच्या हातातला वरणभाताचा घास परत ताटात पडला. मग एकदम गप्प झाली. "मावशी, समजा आपण मशीनने भाषांतर केलेले निकाल वाचून तक्ता भरला, तर परभणीच्या आजोबांच्या ओळीत काय येईल? 'जिंकले', 'हरले' की 'सुट्टीवर'?"

रात्रीचे साडेदहा वाजले होते. प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर तराजूचं चित्र काढायचं अजून बाकी होतं. तिने ते बाजूला ठेवलं, डाव्या हाताने वही ओढली आणि शेवटचा रकाना आखला.

रकाना 9. "भाषांतर माणसाने तपासलं का? हो / नाही."